स्टोक्स सतरा, सर अठरा

"सर, महिन्याच्या आत तुमच्या नावावर अठरा गोष्टी लावून दाखवतो! एक जरी कमी भरली, तर ही मिशी उतरवतो!"

असं मामा म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनी मिशीचं उजवं टोक असं पिळलं, की अंथरुणातल्या सरांनी नकळत उशी मागे सरकवली. मिशी होतीच तशी. एकदा परीक्षेच्या दिवसांत मामा खुर्चीत डुलकी काढत असताना कुणीतरी तिच्यावर पेन्सिल ठेवली होती, ती तीन तासांचा पेपर संपेपर्यंत पडली नाही. खोटं वाटत असेल तर त्या वर्षीच्या बॅचला विचारा. पेपर बाजूला ठेवून सगळे तेच बघत बसल्यामुळे अर्धी बॅच नापास झाली.

सर हसले, हसता हसता खोकले आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "मिशीला कशाला मध्ये ओढता मामा? तिने कुठे भौतिकशास्त्र घेतलंय?"

तिसऱ्या दिवशी सर गेले. शब्द मात्र मागे राहिला, आणि मिशी मामांच्याच ओठावर असल्यामुळे तो विसरण्याची सोय नव्हती.

मामा म्हणजे कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. चौतीस वर्षं नोकरी. कॉलेजात आलेला प्रत्येक जण त्यांचा भाचा किंवा भाची. प्राचार्यसुद्धा! सर त्याच प्रयोगशाळेत तीस वर्षं शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले.

आता अठराच का? वीस का नाहीत, पंचवीस का नाहीत? त्याला जबाबदार स्टोक्स.

स्टोक्स हा सव्वाशे वर्षांपूर्वी वारलेला एक भौतिकशास्त्रज्ञ. त्याचा प्रयोग प्रयोगशाळेत दरवर्षी व्हायचा. काचेची उंच नळी, तिच्यात ग्लिसरीन, वरून सोडायची पोलादी गोळी. गोळी सुरुवातीला जरा घाई करते, मग मुकाट्याने एकाच गतीने खाली खाली जात राहते. हा स्टोक्सचा नियम. पण एवढ्यावर भागलं तर तो स्टोक्स कसला! स्टोक्सचं प्रमेय, स्टोक्स रेषा, स्टोक्स त्रिज्या, स्टोक्स अंक, स्टोक्स लाट... सरांनी पुस्तकं धुंडाळून मोजून सतरा काढल्या होत्या. एका सुट्टीत सर आणि मामांनी मिळून काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने त्या सगळ्या लिहिल्या आणि फळी भिंतीवर टांगली.

"बघा मामा," सर दर महिन्याला एकदा तरी फळीखाली उभे राहून म्हणायचे, "एक माणूस, सतरा गोष्टी. शिवाय चंद्रावर एक विवर आणि मंगळावर एक!"

"दोन दोन ठिकाणी जागा? करतो काय एवढ्या जागेचं?"

"आणि आमच्या नावावर काय? ग्रंथालयाचं कार्ड. त्याचीही मुदत संपली."

सर हसून म्हणायचे. पण तीस वर्षं दर महिन्याला केलेला विनोद हा विनोद नसतो, हे मामांना कळत होतं. सरांनी तरुणपणी एकच शोधनिबंध लिहिला होता, ग्लिसरीनच्या वागण्यावर. तो परत आला. सोबतचं पत्र इतकं सभ्य होतं, की तो नकार आहे हे कळायला सरांना दोन दिवस लागले. पुन्हा काही लिहिलं नाही. त्यानंतर ते फक्त शिकवत राहिले.

मग मामा अठरा आणणार कुठून? तर त्यांच्याकडे होत्या! डेड स्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे सामानाच्या नोंदवहीच्या, मागच्या पानांवर.

त्या प्रयोगशाळेतलं एकही यंत्र सरळ नव्हतं. तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांनाही शून्याच्या डावीकडे तीन घरं उभा राहायचा. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ रोज सकाळी लावलं तरी संध्याकाळपर्यंत चार मिनिटं मागे पडायचं. साहित्याच्या खोलीचं दार अडकायचं. ते उघडायचं तर कडी धरून वर उचला, गुडघा लावा, अकरा अंश डावीकडे वाकवा आणि मग ढकला!

"दुरुस्तीला टाकू का सर?" मामा विचारायचे.

"उपयोग नाही मामा. दोष यंत्रात नाही, खोलीत आहे. जमीन खचतेय, केसाकेसाने. आज सरळ केलं की दोन महिन्यांनी पुन्हा वाकडं. त्यापेक्षा किती वाकडं आहे ते लक्षात ठेवावं आणि तेवढं वजा करावं."

मामांना वाटायचं, सरांना ठोकाठोकीचा आवाज नको असेल. पण लक्षात ठेवायचं म्हणून त्यांनी एकेक गोष्ट रजिस्टरच्या मागे लिहायला सुरुवात केली, आणि लिहायची तर नाव हवं. 'सर-स्थिरांक : काटा डावीकडे तीन घरं, वजा करणे.' 'सर-कोन : दारासाठी, अकरा अंश.' 'सर-टिचकी : गॅल्व्हानोमीटरचा काटा अडल्यास, दोन हळू, एक जोरात.'

पुढे पुढे यंत्रं संपली आणि मामा खुद्द सरांवर घसरले. 'सर-परिणाम : सर जवळ आले की विद्यार्थ्याचं बरोबर आलेलं उत्तर चुकतं.' 'सर-अंतर : साडेचार फूट. यापेक्षा जवळ सर उभे राहत नाहीत, मुलं बावरतात म्हणून.' 'सर-मर्यादा : एकच गोष्ट सर किती वेळा समजावून सांगतात? अजून मोजता आलेली नाही.'

सर गेल्यावर मामांनी रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि मोजलं. बरोब्बर अठरा! मामांनी काळ्या फळीकडे बघून मिशी पिळली. "काय स्टोक्ससाहेब? कसं वाटतंय?"

इथवर सगळं ठीक होतं.

विभागाच्या नव्या मॅडम स्मरणसभेची तयारी करत होत्या. मॅडम हुशार, कामसू, पण तीन समित्यांवर असल्यामुळे त्यांचा एक कान कायम फोनला दिलेला असायचा. मामांचं ऐकायच्या ते दुसऱ्या कानाने.

"मामा, सभेला पुस्तिका काढतोय. सरांविषयी लिहिलेलं काही आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना! सरांच्या नावाच्या अठरा गोष्टी आहेत!"

"अठरा? छान, छान... अहो तुम्हाला नाही, फोनवर बोलतेय... हं, द्या मामा, द्या."

मामांनी सुवाच्य अक्षरात खुलाशासकट चार पानं लिहून दिली. मॅडमनी ती न वाचता टायपिस्टकडे दिली. टायपिस्टकडे जागा उरली होती एक पान. त्याने डोकं चालवलं. नावं तेवढी ठेवली आणि खुलासे उडवले!

पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर ठळक मथळा : 'सरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अठरा संकल्पना'. खाली ओळीने सर-स्थिरांक, सर-कोन, सर-परिणाम, सर-मर्यादा... मामांनी ते पान बघितलं आणि त्यांच्या पोटात गोळा आला. पोलादी. तो स्टोक्सच्या नियमाने हळूहळू खाली जात राहिला.

"मॅडम, यातले खुलासे कुठे गेले?"

"जागा नव्हती मामा. आणि प्रती गेल्या सगळीकडे. सरांच्या घरीही पाठवल्या."

मामा तडक सरांच्या घरी निघाले. सरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच निघाले होते. सर-स्थिरांक म्हणजे खचलेल्या जमिनीवरचा तराजू, सर-कोन म्हणजे अडकणारं दार. घंटी वाजवायला हात वर केला, तोच दार उघडलं. वहिनींच्या हातात पुस्तिका होती.

"या मामा. आधी सांगा, हे खरं?"

"वहिनी, तेच सांगायला—"

"मला एका शब्दाने बोलले नाहीत हो!" वहिनी खुर्चीत बसल्या. तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा निम्मा झाला होता, पण त्या निम्म्या चेहऱ्यावर आज काहीतरी लुकलुकत होतं. "काय काय बोलले असेन मी त्यांना! चाळीस वर्षं! लोकांचे नवरे कुठल्या कुठे गेले, तुम्ही त्याच नळीत तीच गोळी सोडत बसलात. एकदा तर मी रागाने म्हणाले, उद्या तुम्ही नसलात तर कॉलेजला कळणारसुद्धा नाही. ते गप्प राहिले. आणि इकडे अठरा! मामा, तुम्हाला ठाऊक होतं ना सगळं?"

मामांनी तोंड उघडलं. पण त्यातून निघालं ते असं :

"हो वहिनी. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं."

आणि हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत!

वहिनींनी डोळे पुसले. "मी त्यांच्यासाठी काहीतरी करणार आहे. काय ते विचारू नका. सभेच्या दिवशी बघा."

मामा घरी आले ते पाय ओढत. रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा सापडला. आपणही फळी रंगवायची! स्टोक्सच्या फळीच्या मापाची, तशाच पांढऱ्या अक्षरांची. नावं आणि प्रत्येकापुढे खुलासा. पण खुलासा असा मानाने लिहायचा, की वाचून वहिनींची मान ताठच राहावी. दोन दिवसांची रजा टाकली.

"जा, जा, खुशाल जा!" मॅडम म्हणाल्या. त्यांना कधी नव्हे एवढा आनंद झालेला दिसला. "प्रयोगशाळेची चावी तेवढी ठेवून जा."

चौतीस वर्षांत कुणी चावी मागितली नव्हती. मामांना शंका यायला हवी होती. पण त्यांच्या डोक्यात रंगाचा डबा होता.

घरात दोन दिवस फळीचं राज्य. "जेवायला या म्हटलं की 'सर-छाया कोरडी व्हायचीय', झोपा म्हटलं की 'सर-प्रवाह ओघळलाय'," मामी म्हणाल्या. "माझ्या नावाचं काही काढलंत का कधी?"

"तुझ्या नावाचं काढायला गेलो तर स्टोक्स रडेल."

"रडू दे. आधी ताट उचला."

सभेच्या दिवशी रंग वेळेवर वाळेना, म्हणून मामा फळी चादरीत गुंडाळून पोहोचले तेव्हा सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत वहिनी. व्यासपीठावर सरांचा फोटो, आणि फोटोशेजारी आजचे पाहुणे. फार मोठे शास्त्रज्ञ! सरांचेच विद्यार्थी. त्या काळी वर्गात त्यांना सगळे गोगलगाय म्हणायचे. एक प्रयोग इतर जण दोन तासांत संपवत, हे दोन दिवसांत. मामांनी त्यांच्यासाठी कितीदा तरी प्रयोगशाळा उशिरा बंद केली होती.

पाहुणे बोलायला उभे राहिले. खिशातून पुस्तिका काढली.

"मी तयार करून आणलेलं भाषण करणार नाही. चार दिवस मी ही यादी घेऊन बसलोय. सर-स्थिरांक! सगळे ग्रंथ पालथे घातले, कुठे सापडला नाही. परदेशातल्या दोन मित्रांना विचारलं. एक म्हणाला, ऐकल्यासारखं वाटतंय! मग म्हटलं, मीच मागे पडलो असेन, तशी माझी जुनी सवय आहे." सभागृह हसलं. "तेव्हा विनंती एकच. प्रयोगशाळेत जाऊ या. मला सर-स्थिरांक या डोळ्यांनी बघायचाय."

मामांनी चादरीतली फळी उचलली. तोच वहिनी उठून त्यांच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चला मामा! माझी गंमतही तिथेच आहे."

वीस जणांच्या प्रयोगशाळेत साठ जण शिरले. मामांनी चादरीतली फळी भिंतीला टेकवली आणि ते तराजूसमोर उभे राहिले. मनात म्हणाले, घाबरायचं काय त्यात? काटा डावीकडे तीन घरं दाखवायचा. म्हणायचं, तीस वर्षांत इथे हजारो मुलांनी वजन केलं, आणि या माणसाने आधी तीन वजा करायला शिकवलं. जग वाकडं असलं तरी उत्तर सरळ काढता येतं, हा सर-स्थिरांक! झालं. वहिनींची मान ताठ!

"तर मंडळी," मामांनी घसा खाकरला, "पारडी रिकामी आहेत. काटा बघा. कुठे आहे?"

"शून्यावर," पाहुणे म्हणाले.

"शून्याच्या डावीक... काय?"

काटा शून्यावर होता. मधोमध. शाळेतल्या शहाण्या मुलीसारखा ताठ! मामांनी डोळे पुसून बघितलं. फुंकर मारली. काटा डुलला आणि पुन्हा शून्यावर येऊन उभा राहिला. मामांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबल कोपराने ढोसलं. टेबल हललं नाही.

"सर-काळ घ्या!" मामा घाईघाईने घड्याळाकडे वळले. "हे घड्याळ बरोब्बर चार मिनिटं..."

साठ जणांनी मनगटं वर केली. घड्याळ सेकंदासकट जुळलं.

गॅल्व्हानोमीटरला टिचकी मारायच्या आधीच त्याचा काटा फिरला. मामांच्या मिशीची टोकं खाली आली. "सर-कोन!" ते जवळजवळ ओरडले. "दाराकडे बघा! हे दार कुणालाही उघडत नाही! कडी धरायची, वर उचलायचं, गुडघा लावायचा, अकरा अंश—"

मामांनी चौतीस वर्षांच्या सवयीने सगळं अंग दारावर टाकलं.

दाराला नव्या बिजागऱ्या होत्या. खालून रंधा मारलेला होता. ते फुंकरीने उघडलं असतं! मामा दारातून आत गेले ते सरळ समोरच्या मांडणीपर्यंत. मांडणीवर पाच लिटरची ग्लिसरीनची बरणी होती. ती मामांआधी खाली आली, मामा तिच्यावरून घसरले, पलीकडच्या भिंतीला लागून परत आले, उठले, पुन्हा घसरले, आणि शेवटी बसल्या बसल्याच, हळूहळू, एकाच गतीने साठ जणांसमोर दारातून बाहेर सरकत आले. वरती भिंतीवर स्टोक्सची फळी होती. ती हसली, असं मामा आजही शपथेवर सांगतात.

लोक हसायचं की धावायचं या विचारात असताना मामांनी ग्लिसरीनमध्ये बसूनच विचारलं,

"हे सगळं सरळ कुणी केलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.



"माझी गंमत हीच होती मामा. जिथे त्यांनी एवढं शोधलं, ती खोली लखलखीत करावी म्हणून मिस्त्री लावले. तुम्ही रजेवर होतात त्या दोन दिवसांत टेबलं सपाटीत आणली, घड्याळ, दार, सगळं. पण तुम्ही असे का बघताय? काही बिघडलं का?"

मामांनी हात लांब करून फळीवरची चादर ओढली.

वहिनी जवळ गेल्या आणि वाचू लागल्या. नावं, आणि नावांपुढचे खुलासे. तीन घरं. चार मिनिटं. अकरा अंश. दोन हळू, एक जोरात. वाचायला बराच वेळ लागला. मॅडमचा फोन वाजला, त्यांनी चौतीस वर्षांनी पहिल्यांदा... छे, त्या आल्या त्याला दोनच वर्षं झाली होती, पण त्यांनी पहिल्यांदा तो न घेता बंद केला.

"म्हणजे मामा," वहिनी फळीकडेच बघत म्हणाल्या, "मी त्यांना दुरुस्त केलं?"

"वहिनी, तसं नाही..."

"चाळीस वर्षं त्या माणसाला दुरुस्त करायला धडपडले. उशी नीट ठेवा, चपला नीट काढा, जरा पुढे जा, चार लोकांत बोला. नाही जमलं. आणि आता गेल्यावर, दोन दिवसांत!" त्या हसल्या. कुणीच त्यांच्याबरोबर हसलं नाही, कारण ते हसू अर्ध्यावर मोडलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पाहुणे पुढे झाले. भारीतले बूट ग्लिसरीनमध्ये घालून फळीसमोर उभे राहिले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर-मर्यादा. अजून मोजता आलेली नाही, असं लिहिलंय. मी एकोणीसपर्यंत गेलो होतो."

"काय?" वहिनींनी विचारलं.

"एकच गोष्ट, वहिनी. ही गोळी वेग वाढवायची का थांबते, हे मला कळत नव्हतं. एकोणीस वेळा विचारलं. एकोणिसाव्या वेळीही त्यांनी पहिल्यांदा सांगावं तसं सांगितलं. विसाव्यांदा मलाच लाज वाटली, म्हणून कळलं असं म्हणालो. खरं म्हणजे पुढे दोन वर्षांनी कळलं." त्यांनी फळीवरचं बोट काढलं. "आज विचारायचं होतं विसाव्यांदा."

सभा त्यानंतर संपलीच म्हणायची. लोक हळूहळू, जमिनीवर जपून पाय ठेवत निघून गेले. प्रयोगशाळेत मामा आणि वहिनी उरले. मामांनी हात धुतले, खडू घेतला आणि फळीसमोर बसले. माणूस प्रामाणिक! स्थिरांक, काळ, कोन, टिचकी, प्रवाह, छाया... एकेकावर काट मारत गेले. परिणाम, अंतर, मर्यादा. त्यांच्यावरही. निम्मी यादी सरांबरोबर गेली होती, उरलेली मिस्त्रीने नेली.

"शून्य," मामा म्हणाले. "स्टोक्स सतरा, सर शून्य."

वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "घरचं एक चालेल का?"

"घरचं?"

"किल्ली रोज विसरायचे. म्हणून संध्याकाळी सहा वीस झाले की मी दाराची कडी काढून ठेवायची. घंटीसाठी उठायला नको. निवृत्त झाल्यावरही फिरून त्याच वेळेला यायचे." त्यांनी सरळ झालेल्या घड्याळाकडे बघितलं. "अजून काढते. हात आपोआप जातो. ते नीट करायला मिस्त्री मिळाला नाही."

मामांनी फळीच्या तळाशी, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात लिहिलं : 'सर-वेळ : सहा वीस.'

सतराला एक. आणि महिना त्याच दिवशी पुरा होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाव्याच्या खुर्चीत बसले.

"कोरायची ना?"

"उतरवायची."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "मामा, घरी सगळं ठीक आहे ना?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"आहेत एक. आता ते मागायला येणार नाहीत, म्हणून तर द्यायला हवी."

घरी गेल्यावर मामींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ते कामावर गेलेत. तुमचं काय काम होतं?" मग ओळखलं, आणि नेहमीसारखं काही बोलायच्या ऐवजी गुपचूप पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पुढचे दोन महिने मामांना प्रयोगशाळेत करमेना. काटा शून्यावर, घड्याळ वेळेवर, दार हलकं. मुलं येत, वजन करत, उत्तर बरोबर काढत आणि जात. कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. अशा खोलीत सहायकाचं काम काय, तेच मामांना समजेना.

मग एका संध्याकाळी मामा साहित्याच्या खोलीत बरण्या ठेवायला निघाले, तर दार लागलेलं. उघडायला गेले, उघडेना. ओढलं. ढकललं. मिस्त्रीला चार शब्द हासडले. आणि मग मामा एकदम थांबले.

त्यांनी हळूच कडी धरली. दार वर उचललं. गुडघा लावला. अकरा अंश डावीकडे वाकवलं.

दार उघडलं.

मामा धावतच तराजूकडे गेले. पारडी रिकामी होती आणि काटा शून्याच्या डावीकडे होता. एक, दोन, अडीच घरं, तिसऱ्याकडे झुकलेला! घड्याळ सहा सोळा दाखवत होतं. मामांनी मनगट वर केलं. सहा वीस.

'दोष यंत्रात नाही मामा, खोलीत आहे.'

मामा सरांच्या स्टुलापासून साडेचार फुटांवर खाली फरशीवर बसले. तिथे पलीकडे एका घरात आता कुणीतरी उठून दाराची कडी काढत असेल. मामांना हसू आलं, आणि हसण्याबरोबर दोन महिने अडकलेलं सगळंच आलं. डोळ्यांतून निघालेला थेंब आधी जरा घाईने आणि मग एकाच गतीने गालावरून खाली उतरला, नाकाच्या कडेने वळला आणि थेट तोंडात गेला. खारट!

मामांनी गुळगुळीत ओठावर हात फिरवला. मिशी उतरवायला दोन महिने थांबलो असतो, तर हा थेंब तिथेच अडला असता!